मोना बेटावरून परतताना

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यापर्यंत आमच्या मॉरिसव्हिलमधल्या झाडांवर फारसं काही उरत नाही. अपार्टमेंट कॉम्प्लेक्सचा माणूस पाठीला ब्लोअर लावून सकाळपासून पानं एका कडेला ढकलत असतो आणि त्या घरघरीने मला जाग येते. जाग आल्यावर पहिले काही क्षण मी बोटीतच असतो. इंजिन चालू आहे, डिझेलचा वास येतोय, पायाखालची फळी हलतेय. मग हळूहळू कळतं, की आपण आपल्याच खोलीत आहोत, शेजारी अनघा आहे, पलीकडे तन्वी झोपलीय आणि बाहेर नुसती पानं आहेत.

दोन वर्षं झाली. या आठवड्यात ऑफिस अर्धं रिकामं होतं. यंदा ते जास्तच रिकामं वाटतंय, कारण लेऑफची कुजबुज चालू आहे आणि काही टेबलांवरची माणसं सुट्टीवर गेली आहेत की कायमची, हे कुणी विचारत नाही. ऑफिसच्या पॉटलकला, म्हणजे घरून डबे आणून जेवायच्या पार्टीला, शेजारच्या क्यूबिकलमधल्याने विचारलं, "काय प्लॅन?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच." दोन वर्षांपूर्वी याच पॉटलकला मी सगळ्यांना गोळा करून सांगत होतो, की आम्ही शिडाच्या बोटीने एका निर्मनुष्य बेटावर चाललोय. भाताचा डबा हातात धरून मी वारा कसा वाहतो तेसुद्धा सांगत होतो. तो माणूस मला आता ओळखीचा वाटत नाही.

बोट सुधीरची. सुधीर माझा हॉस्टेलचा रूममेट. नागपूरला इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. तो नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला, तरी हॉस्टेलवर राहणारा; मी वर्ध्याचा. अमेरिकेत आल्यावर मी चारचौघांसारखा आयटीत शिरलो. सुधीर केमिकलचा, तो औषधांच्या कारखान्यात लागला आणि कंपनीने त्याला पोर्तो रिकोला पाठवलं. बेट अमेरिकेचंच, पण भाषा स्पॅनिश आणि हवा थेट कोकणातली. एकटा जीव. दोन वर्षांत स्पॅनिश शिकला आणि तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्याकडून तीस फुटांची जुनी बोट घेतली. कॉलेजात असताना फुटाळा तलावात पाय बुडवायलाही हा घाबरायचा. फोनवर त्याने बोटीचं सांगितलं तेव्हा मी पाच मिनिटं हसत होतो.

"हस बे," तो म्हणाला, "पण ये एकदा. वहिनींना घेऊन ये. मोनाला नेतो."

पोर्तो रिकोच्या पश्चिमेला, भर समुद्रात मोना नावाचं बेट आहे. तिथे वस्ती नाही, चार-दोन रेंजर आणि चार-चार फुटी घोरपडी. पलीकडे आणखी तेवढ्याच अंतरावर डोमिनिकन रिपब्लिक, म्हणजे दुसरा देश. पण मोनापर्यंत सगळी अमेरिका, त्यामुळे पासपोर्टची गरज नव्हती. तरी आम्ही पासपोर्ट घेतले, व्हिसाच्या कागदांच्या झेरॉक्स घेतल्या, सगळं झिपलॉकच्या दोन पिशव्यांत घालून अनघाने बॅगेच्या तळाशी ठेवलं. ग्रीन कार्डची फाइल तेव्हा मधल्या टप्प्यावर होती. वकीलबाईंनी दोनदा बजावलं होतं, की आता काही गडबड नको, स्पीडिंगचं तिकीटसुद्धा नको. मी हायवेवर पंचावन्नच्या पुढे जात नव्हतो. तन्वी तीन वर्षांची होती. तिला शेजारच्या मीनाकाकूंकडे ठेवून आम्ही निघालो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दोघांनीच कुठेतरी जायची ती पहिली वेळ.

खरं सांगायचं तर ते दोन दिवस सुंदर होते, आणि तेच मला छळतं. पाणी इतकं नितळ, की बोटीची सावली खाली वाळूवर पडलेली दिसायची. वर पांढरे सरळसोट कडे. सुधीरने डुलणाऱ्या स्टोव्हवर कुकर लावला आणि त्या निर्जन किनाऱ्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तेव्हा अनघा हसता हसता रडायला लागली. तिने सुकाणू धरायला माझ्याआधी शिकून घेतलं. "तुझा हात जड आहे," सुधीर मला म्हणायचा. "वहिनींचा बघ. त्या बोटीशी भांडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने चालताना वाळूत अर्धी रुतलेली एक लाकडी होडी दिसली. उघडी, लांबट, फळ्यांवर घाईघाईने फासलेला निळा रंग. आत प्लॅस्टिकचे रिकामे कॅन, एक ओली जीन्स, दुधाच्या पावडरचा डबा. अनघाने विचारलं, "सुधीरभाऊ, हे काय?"

"योला म्हणतात याला," सुधीर म्हणाला. "डोमिनिकनवरून येतात. एका होडीत तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसं. कागदपत्रं नसतात. पोर्तो रिकोला पाय लागला, की अमेरिका लागली. काही इथे मोनालाच उतरतात, पकडले जातात, परत पाठवतात. पुन्हा येतात."

"आणि न पोचणारे?"

सुधीरने दुधाचा डबा उचलला, झाकण लावलं आणि पुन्हा होडीत होता तिथेच ठेवला.

शुक्रवारी दुपारी चारला आम्ही परत निघालो. पूर्वेकडे जायचं म्हणजे वारा तोंडावर. दिवसा तो दम काढतो. रात्री जमिनीकडून मंद वारा सुटतो आणि समुद्र निवतो, म्हणून सगळे रात्रीच निघतात, असं सुधीरने समजावलं. पहाटे बोकेरॉनच्या बंदरात पोचायचं, शनिवारी दुपारी विमान. सूर्य मोनाच्या मागे गेला. मग बेटही गेलं. कोवळी चंद्रकोर लवकर मावळली आणि अंधार इतका दाट झाला, की शिडाचं वरचं टोक दिसेना. पाण्यात बोटीच्या मागे हिरवट उजेडाची रेघ उमटत होती. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या होत्या. मी खाली आडवा झालो तेव्हा लाकडाची करकर, भांड्यांची किणकिण आणि कानाशी, बोटीच्या पातळ भिंतीपलीकडे धावणारं पाणी. इतकी चांगली झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

दोनच्या सुमाराला अनघाने हाक मारली. ती सुकाणूवर होती. वारा सुटल्यामुळे सुधीरने इंजिन बंद केलं होतं आणि बोट नुसत्या शिडावर चालली होती. "ऐक," ती म्हणाली. "कुणीतरी बोलतंय."

मी म्हटलं, "रेडिओ असेल."

"रेडिओ नाही. बाहेर."

आणि मग मलाही ऐकू आलं. आधी एक पुरुषाचा आवाज, मग बरेच आवाज एकदम, मग बाळाचं रडणं. समुद्राच्या मधोमध, उघड्या अंधारात, बाळ रडत होतं. सुधीर वर आला, त्याने मोठा टॉर्च लावला आणि उजेडाची पट्टी पाण्यावरून फिरवता फिरवता एका जागी थांबवली. शंभरेक फुटांवर होडी होती. माणसांनी इतकी भरलेली, की लाकूड दिसत नव्हतं, फक्त चेहरे आणि डोळ्यांपुढे धरलेले हात. पंचवीस असतील, तीस असतील. मी मोजले नाहीत. दोघं-तिघं अर्धे कापलेले प्लॅस्टिकचे डबे घेऊन होडीतलं पाणी बाहेर फेकत होते, एका लयीत, आमच्याकडे न बघता.

सुधीर स्पॅनिशमध्ये ओरडून काही विचारत होता. तिकडून उत्तर येत होतं. तो तुकड्यातुकड्याने आम्हाला सांगत होता. पेट्रोल संपलंय. कालपासून वाहत आहेत. पाणी नाही. बायका आहेत.

"जवळ घेऊ?" मी विचारलं. माझा पहिला शब्द हाच होता, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय.

"नाही. जवळ गेलो तर सगळे एका बाजूला झेपावतील, होडी उलटेल. लांबूनच द्यायचं."

त्याने दोरीला रिकामा कॅन बांधून वाऱ्यावर सोडला, तो वाहत त्यांच्यापर्यंत गेला. मग त्या दोरीवरून आमच्याकडचे पाण्याचे दोन मोठे कॅन दिले, बिस्किटं दिली, आमच्या छोट्या रबरी होडीच्या मोटरसाठी ठेवलेलं पेट्रोल दिलं. दोरी ओढणारा एक तरुण होता, पिवळा टी-शर्ट. पाण्याचा पहिला कॅन हातात आल्यावर तो स्वतः प्यायला नाही, मागे दिला. मागे एक बाई होती. तिच्या मांडीवर ते बाळ. तिने झाकणात पाणी ओतून त्याच्या ओठांना लावलं आणि रडणं थांबलं.

"वहिनी," सुधीर म्हणाला, "खाली जा. रेडिओ सोळा नंबरवर आहे. माईक उचला, बटण दाबा, मी सांगतो तसं बोला. आधी बोटीचं नाव, मग आपली पोझिशन. कोस्ट गार्ड ऐकेल."

होडीतल्या लोकांना 'रेडिओ' आणि 'कोस्ट गार्ड' हे दोन शब्द कळले असणार. एकदम गलका झाला. तो पिवळ्या टी-शर्टवाला हात जोडून ओरडायला लागला. "नो यामे, नो यामे." बोलवू नका, बोलवू नका. सुधीरने भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

मी अनघाच्या मागोमाग खाली गेलो. ती टेबलाशी उभी होती, माईक तोंडाजवळ, अंगठा बटणावर. लाल दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा मला लहान मुलीसारखा वाटला.

"थांब," मी म्हटलं. "नाव सांगायचं म्हणजे चौकशी. बोटीत कोण होतं, पेट्रोल कुणी दिलं. आपण बेकायदा लोकांना मदत केली असं होईल. फाइल मधे आहे."

"अरे, त्यांच्या होडीत पाणी भरतंय."

"ते स्वतःच नको म्हणताहेत. आता पेट्रोल आहे त्यांच्याकडे. जातील."

"बाळ आहे रे त्यांच्यात."

"आपलं पण आहे," मी म्हणालो. "आपल्याला इथे अडकवून ठेवलं, व्हिसा गेला, तर तन्वीचं काय?"

मी हात पुढे केला. तिने माईक सोडला. ओढून घ्यावा लागला नाही, एवढंच. मी तो हुकावर अडकवला आणि वर आलो, मागोमाग तीही.

"काय झालं? बोलल्या?" सुधीरने विचारलं.

"नको यार, सुधीर. नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. टॉर्च खाली झुकला होता, आमच्या तिघांच्या पायांवर उजेड पडला होता.

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर दहा मिनिटांत त्यांची मोटर दोन-तीनदा खोकून सुरू झाली. सुधीरने ओरडून सांगितलं, की उजाडेपर्यंत आमच्यासोबत राहा, आम्ही हळू चालतो. कुणीतरी हात हलवला. मग होडी दिव्याविना पूर्वेकडे वळली आणि आवाज लहान होत होत गेला. मला आठवतं, मला केवढं हलकं वाटलं. मी चक्क चहा ठेवला. आलं किसून घातलं. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे आणि ती चांगली चव आहे, याचं काय करायचं ते मला कळत नाही.

पहाटे समुद्र फुगला. वारा नव्हता, पण उत्तरेकडून लांबच लांब, गुळगुळीत लाटा यायला लागल्या. कुठल्यातरी दूरच्या वादळाने पाठवलेल्या, असं सुधीर म्हणाला. बोट चढायची आणि उतरायची. अनघा रेलिंगला धरून उभी होती आणि सारखी पुढे बघत होती. बोकेरॉनला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर माणसं बोटी धूत होती, पोरं पाव खात होती, शनिवार होता. आम्ही विमान पकडलं. तन्वी मीनाकाकूंच्या दारातून धावत आली आणि माझ्या पायांना मिठी मारून म्हणाली, "बाबा, यू स्मेल फनी."

रविवारी संध्याकाळी सुधीरचा फोन आला. शनिवारी पहाटे, अंधार असतानाच, किनाऱ्यालगतच्या खडकांवर एक योला फुटली होती. मोठ्या लाटांत वळवता आली नाही. सतरा माणसं सापडली जिवंत. बाकीच्यांची नुसती मोजणी चालू होती.

"आपलीच कशावरून?" मी विचारलं. असा प्रश्न मी विचारला.

"मी हॉस्पिटलात जाऊन आलो. तो पोरगा आहे तिथे, पिवळ्या टी-शर्टवाला. त्याने मला आवाजावरून ओळखलं. माझे आभार मानले बे त्याने. म्हणाला, पाण्यासाठी देव तुझं भलं करो."

अनघा माझ्या शेजारी उभी होती. तिने फोन माझ्या हातून घेतला. "सुधीरभाऊ, ते बाळ?"

तिकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. अनघाने फोन टेबलावर ठेवला, आत गेली आणि झोपलेल्या तन्वीच्या पलंगाशी जमिनीवर बसून राहिली. बाई वाचली होती. बाळ दीड वर्षांचं होतं, मुलगी होती, हे मला नंतर कळलं.

सुधीर स्वतःहून अधिकाऱ्यांकडे गेला. आदल्या रात्री होडी भेटली होती, पाणी आणि पेट्रोल दिलं, लोकांनी विनवणी केली म्हणून रेडिओवर कळवलं नाही, असं त्याने सांगितलं. बोटीवर आणखी कोण होतं, असं विचारल्यावर म्हणाला, कुणी नाही, मी एकटाच. दोनदा बोलावून चौकशी केली, मग सोडून दिलं. वसंतात त्याने बोट विकली. या सगळ्यात त्याने मला एक वावगा शब्द म्हटला नाही.

मी हिशेब मांडून पाहिला आहे, रोज, ऑफिसला जाताना गाडीत. आम्ही रेडिओवर बोललो असतो तर तासाभरात कुणीतरी आलं असतं. त्यांना उतरवून घेतलं असतं, ब्लँकेट दिली असती आणि परत पाठवलं असतं. ते आम्हाला शिव्या देत परत गेले असते. जिवंत. ती मुलगी आता साडेतीन वर्षांची झाली असती आणि आमचं नाव तिच्या घरात वाईट अर्थाने निघालं असतं. आणि आमचं काय झालं असतं? मी एका वकिलाला, दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे असं भासवून, विचारलं. तो म्हणाला, बुडणाऱ्यांसाठी मदत बोलावली म्हणून कुणाचा व्हिसा गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी फोन ठेवला आणि पार्किंग लॉटमध्ये बराच वेळ बसून राहिलो.

या ऑगस्टमध्ये ग्रीन कार्डं आली. तीन लिफाफे. इथे अशा वेळी पार्टी देतात. आमच्या ओळखीतल्या एकाने तर केकवर कार्ड काढून घेतलं होतं. अनघाने लिफाफे उघडून नावं तपासली, स्पेलिंग बरोबर आहे म्हणाली आणि कपाटात ठेवले. आम्ही नीट वागतो एकमेकांशी. भाजी काय करायची, तन्वीला पोहायला घालायचं का. पोहायला घालायचं, हे तिने ठामपणे सांगितलं. त्या रात्रीबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. "तू माझ्या हातातून घेतलास असं मी स्वतःला सांगते," ती म्हणाली. "पण मी दिला." मी काही म्हणायला गेलो तर तिने मान हलवली. ते वाक्य तिला माझ्यासोबत वाटून घ्यायचं नव्हतं.

काल, सुट्टीच्या पहिल्या दिवशी, मी सुधीरला फोन केला. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. म्हटलं, मला त्या अधिकाऱ्यांना लिहायचं आहे. बोटीवर आम्ही होतो, नको म्हणणारा मी होतो. तुझ्या नावावर जे आहे ते माझं आहे.

"लिही," तो म्हणाला. "मला काही फरक पडत नाही. पण तुझं आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"मीच नको म्हणालो ना."

"तू म्हणालास. पण बोट माझी होती. रेडिओ माझा होता. तुला ढकलून मी दोन पावलात खाली गेलो असतो. तू नको म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं बे. माझ्याही मनात तेच होतं. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं, तू म्हणालास. दोन वर्षं मी तुला हे सांगितलं नाही. तुझ्यावर ढकलून मोकळा राहिलो."

तिकडे मागे कुठेतरी स्पॅनिशमध्ये बातम्या चालल्या होत्या. त्याने त्या बंद केल्याचा आवाज आला.

"आणि एक सांगतो," तो म्हणाला. "ते वहिनींना सांगू नको. सांगायचं तर सांग. हॉस्पिटलात त्या बाईलाही भेटलो होतो मी. तिच्या पोरीचं तिला कळलं होतं. ती रडत नव्हती. तिने मला एकच विचारलं. म्हणाली, तुमच्या बोटीत रेडिओ असतो ना?"

"मग?"

"मी म्हणालो, बिघडला होता."

मला वाटलं तो एवढंच सांगून थांबेल. पण त्याला शेवटपर्यंत सांगायचं होतं.

"तिने माझा हात हातात घेतला यार. थोपटला. म्हणाली, मग तुझा काय दोष."